चेंडू टाकणारी लिसा, चेंडू शिकवणारी लिसा



आज आम्ही तुमच्याशी खेळाबद्दल बोलणार आहोत. खेळही असा, की तो तुमच्यापैकी फार थोड्या जणींनी पाहिला असेल. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम निवडला. गटांच्या बैठकांना जाताना एक गोष्ट आम्हाला वारंवार दिसते. प्रत्येक गावात एखादी तरी बाई अशी असते, की तिच्यासारखे पापड, तिच्यासारखी गोधडी किंवा तिच्यासारखा चोख हिशेब पंचक्रोशीत कोणाचा नाही. तिचे हात चालतात तोवर गटाचे काम चालते. मग तिचे गुडघे धरतात, नजर कमी होते, आणि बाकीच्या एकमेकींकडे बघत बसतात. तिच्या हातातले दुसऱ्या हातात गेलेलेच नसते.

खेळाडूंवर ही वेळ आपल्यापेक्षा लवकर येते. पस्तिशीच्या आसपास शरीर ऐकेनासे होते. मग वीस-पंचवीस वर्षे कमावलेल्या विद्येचे करायचे काय? या प्रश्नाला अमेरिकेतल्या एका खेळाडूने काय उत्तर दिले, ते आज पाहू. तिचे नाव लिसा फर्नांडेझ. तिचा खेळ सॉफ्टबॉल.

आधी खेळ समजून घेऊ

सॉफ्टबॉल म्हणजे मऊ चेंडू. पण नावावर जाऊ नका, चेंडू चांगला टणक असतो. त्याचा घेर १२ इंच, वजन साधारण १८० ते २०० ग्रॅम. म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा मोठा आणि जड. दोन संघ, प्रत्येकी नऊ जणी. मैदानावर शंकरपाळ्याच्या आकारात चार तळ असतात, त्यांना बेस म्हणतात. एका बेसपासून दुसरा ६० फुटांवर. बॅटवालीने चेंडू टोलवायचा आणि पळत सुटायचे. चारही बेसना पाय लावून ती परत आली की संघाची एक धाव होते. प्रत्येक संघाला सात डाव मिळतात. तीन जणी बाद झाल्या की तो डाव संपला.

या खेळाचा सगळा भार जिच्यावर असतो, ती पिचर. पिचर म्हणजे चेंडू टाकणारी. कॉलेजच्या खेळात ती बॅटवालीपासून ४३ फुटांवर उभी राहते. हात विहिरीवरच्या रहाटासारखा एक पूर्ण गोल फिरवते आणि चेंडू कमरेजवळून सोडते. चांगल्या पिचरचा चेंडू ताशी १०० किलोमीटरच्या वर जातो. एवढ्या कमी अंतरात बॅटवालीला विचार करायला अर्धा सेकंदसुद्धा मिळत नाही.

बॅटवालीच्या गुडघ्यापासून काखेपर्यंत एक पट्टा मनात धरलेला असतो. त्या पट्ट्यातले तीन चेंडू तिने हुकवले किंवा नुसते सोडून दिले, तर ती बाद. उलट पिचरचे चार चेंडू पट्ट्याबाहेर गेले, तर बॅटवालीला पहिला बेस फुकट. म्हणजे नुसता जोर असून भागत नाही, चेंडू हवा तिथेच पडावा लागतो. सामन्यात शंभर-सव्वाशे वेळा तरी हे करायचे असते.

हात आखूड आहेत म्हणाले

लिसाचा जन्म १९७१ सालचा. वडील क्यूबा देशातून अमेरिकेत आलेले. तिकडे ते बेसबॉल खेळत. आई प्वेर्तो रिको बेटावरची, तिलाही चेंडूफळीची आवड. ती वाढली कॅलिफोर्निया राज्यातल्या लेकवुड गावात.

आठ वर्षांची असताना लिसाने पहिल्यांदा सामन्यात चेंडू टाकला. त्या दिवशी तिचा चेंडू पट्ट्यात जाईना. कितीतरी जणींना तिने फुकट बेस दिला, कितीतरी जणींच्या अंगावर चेंडू मारला. समोरच्या संघाच्या वीसच्या वर धावा झाल्या, हिच्या संघाची एकही नाही. ती सोडून देईल, असे कोणालाही वाटले असते. तिने पुढच्या खेपेला एवढेच ठरवले, की मागच्यापेक्षा थोडे बरे करायचे.

बारा वर्षांची झाल्यावर आई तिला एका नावाजलेल्या शिकवणाऱ्याकडे घेऊन गेली. त्याने तिची अंगकाठी पाहिली आणि सांगितले, की हिचे हात आखूड आहेत, सोळा वर्षांच्या पुढे ही पिचर म्हणून टिकणार नाही. पोरगी रडली. आईने तिला समजावले ते एवढेच, की तुला काय जमणार नाही हे दुसऱ्या कोणाला ठरवू देऊ नकोस.

मैत्रिणींनो, इथे क्षणभर थांबू. तो शिकवणारा अनाडी नव्हता. लांब हाताचा फायदा असतो, हे खरेच आहे. पण त्याने मुलीच्या हाताची लांबी मोजली आणि तिचा पुढचा सगळा हिशेब तिथेच मिटवून टाकला. मुलीला पारखणे आणि मुलीला शिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या गटातही नव्या बाईकडे बघून आपण चटकन म्हणतो, हिला जमायचे नाही. ती शिकायला बसण्याआधीच आपला निकाल तयार असतो.

एका कायद्याने दार उघडले

जिद्द आणि आई, एवढ्यावर लिसा मोठी झाली असे म्हटले तर गोष्ट अर्धी राहील. तिच्या जन्मानंतरच्या वर्षी, १९७२ मध्ये, अमेरिकेत एक कायदा झाला. त्याला ‘टायटल नाइन’ म्हणतात. त्याचा अर्थ सोपा आहे. ज्या शाळा-कॉलेजांना केंद्र सरकारचा पैसा मिळतो, त्यांना मुलगी म्हणून कोणाला डावलता येणार नाही. हा नियम खेळालाही लागू झाला. तोवर कॉलेजातली मैदाने, गणवेश, प्रवासखर्च आणि शिष्यवृत्त्या बहुतेक मुलांच्या वाट्याला जात. कायद्यानंतर कॉलेजांना मुलींचे संघ उभे करावे लागले, त्यांच्यासाठी पैसा ठेवावा लागला. १९८२ पासून कॉलेजच्या मुलींची सॉफ्टबॉलची मोठी राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली.

लिसा कॉलेजच्या वयाची होईपर्यंत ही वाट तयार झाली होती. लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघात ती १९९० ते १९९३ अशी चार वर्षे खेळली. या विद्यापीठाला सगळे यूसीएलए म्हणतात. पिचर म्हणून तिने ९३ सामने जिंकले आणि फक्त ७ हरले. १९९० आणि १९९२ मध्ये तिच्या संघाने राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. चेंडू टाकायचा नसेल त्या दिवशी ती तिसऱ्या बेसवर उभी राहायची, आणि बॅटही तितकीच चालवायची. १९९३ साली देशभरातल्या कॉलेजांत फलंदाजीत ती पहिली आणि सर्वांत कमी धावा देणारी पिचरही तीच. त्या वर्षी सगळ्या खेळांतल्या कॉलेजच्या मुलींमधून सर्वोत्तम खेळाडूचा चषक तिला मिळाला. सॉफ्टबॉलच्या खेळाडूला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

आखूड हातांची ही मुलगी तेव्हा बावीस वर्षांची होती.

तीन सुवर्णपदके आणि दोन मोठ्या हारी

सॉफ्टबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला तो १९९६ साली, अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये. लिसा अमेरिकेच्या संघात होती. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात तिने एकामागून एक २९ जणींना बाद केले, एकीलाही बेसवर जाऊ दिले नाही. तरी सामना लांबत गेला. त्याचे कारण ऐका. तिच्या संघातल्या एकीने चेंडू मैदानाबाहेर टोलवला होता, पण पळून परत येताना शेवटच्या बेसला तिचा पाय लागला नाही. धाव रद्द झाली. ती धाव धरली गेली असती, तर सात डावांतच सामना संपला असता. दहाव्या डावात अमेरिकेने एका धावेची आघाडी घेतली. आता ऑस्ट्रेलियाची एकच बाद व्हायची राहिली होती. नियमाप्रमाणे एक पळणारी आधीच बेसवर उभी केलेली होती. तेवढ्यात लिसाचा एक चेंडू टोलवला गेला, थेट मैदानाबाहेर. दोन धावा झाल्या, सामना गेला.

एक पाऊल चुकले दुसरीचे, एक चेंडू गेला हिचा. पण संघाने ते मनात धरून बसायचे नाकारले. अमेरिकेने त्या वर्षी सुवर्णपदक जिंकले.

चार वर्षांनी सिडनीत पुन्हा परीक्षा आली. शंभराहून अधिक सामने सलग जिंकून आलेला अमेरिकेचा संघ ओळीने तीन सामने हरला. त्यातल्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात लिसाने तेरा डाव चेंडू टाकले आणि २५ जणींना बॅट लागू न देता बाद केले. ऑलिंपिकमध्ये असा पराक्रम आधी कोणी केला नव्हता. तरी तेराव्या डावात एक फटका बसला आणि सामना गेला. हरल्यावर सगळ्या मुली गणवेशासकट न्हाणीघरात शिरल्या आणि अंगावर पाणी घेतले, म्हणाल्या दृष्ट धुऊन टाकू. जगाच्या पाठीवर कुठेही जा, बायकांना हे सुचतेच! त्यानंतर एकही सामना न हरता त्या अंतिम सामन्यात पोचल्या. तिथे जपानला २–१ असे हरवून सुवर्णपदक घेतले. चेंडू लिसाच्याच हातात होता.

२००४ मध्ये अथेन्सला तर अमेरिकेने नऊ सामन्यांत ५१ धावा केल्या आणि दिली फक्त एक. अंतिम सामन्यात पिचर होती लिसा. हे तिचे तिसरे सुवर्णपदक.

चेंडू हातातून सुटतो तेव्हा

२००५ च्या डिसेंबरात लिसाला मुलगा झाला. ती पुन्हा खेळायला आली. पण २००८ च्या ऑलिंपिकला मुख्य संघात तिला जागा मिळाली नाही, राखीव खेळाडूंत नाव आले. त्या वेळी ती सदतीस वर्षांची होती. त्या ऑलिंपिकनंतर सॉफ्टबॉलच काही वर्षांसाठी ऑलिंपिकमधून बाहेर गेला.

खेळाडूचे असेच असते. एक दिवस यादी लागते आणि आपले नाव वर नसते. पण लिसाने दुसरे काम आधीच धरलेले होते. ऑलिंपिक खेळत असतानाच ती आपल्या जुन्या विद्यापीठात सहायक प्रशिक्षक म्हणून उभी राहू लागली होती. प्रशिक्षक म्हणजे कोच, खेळ शिकवणारी. ज्या संघाने तिला घडवले, त्याच संघाच्या पिचर ती घडवू लागली.

त्यातली एक मुलगी म्हणजे रेचल गार्सिया. कॉलेजात आली तेव्हा तिचा गुडघा दुखावलेला होता, त्यामुळे पहिले वर्ष तिला खेळता आले नाही. २०१९ च्या राष्ट्रीय स्पर्धेत उपांत्य सामना दहा डावांपर्यंत लांबला. रेचलने त्या एका सामन्यात १७९ चेंडू टाकले, समोरच्या संघाला एकही धाव दिली नाही, आणि शेवटी बॅट घेऊन स्वतःच चेंडू मैदानाबाहेर मारून सामना जिंकून दिला. पुढे यूसीएलएने ती स्पर्धाही जिंकली. आणि १९९३ साली लिसाला जो चषक मिळाला होता, तोच २०१९ साली रेचलला मिळाला. गुरूकडची विद्या शिष्येकडे पोचली, याची याहून स्पष्ट पावती कोणती?

येणे वेगळे, शिकवणे वेगळे

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. उत्तम खेळणारी प्रत्येक जण उत्तम शिकवतेच असे नाही. असे का होते?

आपल्या घरातले उदाहरण घ्या. आईला किंवा सासूबाईंना विचारा, भाकरीच्या पिठात पाणी किती घालता? उत्तर येते, अंदाजाने. त्या लपवत नाहीत. त्यांच्या हाताला माहीत असते, तोंडाला माहीत नसते. शिकवायचे म्हणजे हा अंदाज उलगडायचा. पाणी कोमट की कढत, पीठ मळताना हाताला चिकटायचे कधी थांबते, ते बोलून दाखवायचे.

पिचरचे तसेच आहे. चेंडू सोडताना बोटांनी त्याला जी फिरकी दिली जाते, तीवर सगळे ठरते. चेंडू पुढच्या दिशेने गरगरत गेला, तर बॅटवालीजवळ तो खाली बुडतो. उलट्या दिशेने गरगरत गेला, तर तो कमी पडतो, म्हणून बॅटवालीला वर उसळल्यासारखा वाटतो. आणि हात तितक्याच वेगाने फिरवून चेंडू मात्र हळू सोडला, तर बॅटवाली आधीच बॅट फिरवून बसते. हे सगळे मनगटाच्या एका झटक्यात होते. शिकवणारीला तो झटका सुटा करून दाखवावा लागतो. आधी नुसते मनगट, मग अर्धा हात, मग पूर्ण गोल, मग पावलासकट.

शिकवणारीला आणखी तीन गोष्टी कराव्या लागतात. पहिली, बघणे. मुलीचा चेंडू बाहेर जातोय, तर चूक हातात आहे की पावलात, हे शोधायचे. दुसरी, एका वेळी एकच गोष्ट सांगणे. पाच चुका एकदम सांगितल्या की मुलगी गोंधळते आणि जे येत होते तेही विसरते. तिसरी सर्वांत कठीण, हात मागे घेणे. सामना ऐन रंगात असतो, चेंडू कसा टाकावा हे कोचला ठाऊक असते, पण ती मैदानात शिरू शकत नाही. कॉलेजच्या संघात पुष्कळदा कोच बाहेरून खूण करून कोणता चेंडू टाकायचा ते सुचवते. तेवढेच. टाकायचा मुलीनेच. हरायचे तिनेच, जिंकायचेही तिनेच.

आपल्याकडे काय होते? सून किंवा नवी सदस्य पापड लाटायला बसते. दोन वाकडे झाले की जुनी जाणती म्हणते, सरक, मी करते, तुझ्याने वेळ जातो. काम लवकर उरकते, पण ती नवी तिथेच राहते. पुढच्या वर्षीही तीच म्हातारी लाटत असते आणि तीच कंबर धरून बसलेली असते.

शिकवण्याची खुर्ची कोणाला मिळते?

एक शेवटची गोष्ट, जी आम्हाला विचार करण्यासारखी वाटली. १९७२ च्या आधी अमेरिकेत कॉलेजच्या मुलींच्या संघांना शिकवणाऱ्या दहातल्या नऊहून अधिक बायका होत्या. ते काम बहुतेक फुकट किंवा तुटपुंज्या पैशांत चाले. कायदा आला, मुलींच्या खेळात पैसा आला, कोचला बरा पगार मिळू लागला. तेव्हा त्या नोकऱ्यांसाठी पुरुष पुढे आले. आज तिथे मुलींच्या संघांच्या मुख्य कोचमध्ये बायका निम्म्याहूनही कमी आहेत. खेळणाऱ्या मुली कितीतरी पटींनी वाढल्या, शिकवणाऱ्या बायकांचा वाटा मात्र घटला.

हे आपल्याला नवे आहे का? हाताने करायचे तोवर काम बायकांचे, यंत्र आले आणि पैसा आला की ते पुरुषांचे, हे आपण पाहिलेले आहे.

म्हणून यूसीएलएच्या सॉफ्टबॉल संघाचे वेगळेपण लक्षात घ्या. तिथे शॅरन बॅकस यांनी संघ बांधला. त्यांच्या हाताखाली खेळलेली सू एनक्विस्ट पुढे कोच झाली. या दोघींच्या हाताखाली खेळलेली केली इनोये-पेरेझ २००७ पासून मुख्य कोच आहे. ती लिसाची कॉलेजातली सोबतीण, लिसाने टाकलेले चेंडू झेलणारी कॅचर. एकीने दुसरीला घडवले, दुसरीने तिसरीला. अशी साखळी आपोआप होत नाही. खेळत असतानाच पुढची शिकवणारी तयार करावी लागते आणि तिला रीतसर पद आणि पगार द्यावा लागतो.

सॉफ्टबॉल आपल्याकडेही शालेय स्पर्धांमध्ये खेळला जातो. तुमच्या लेकीला धावण्याची, चेंडू फेकण्याची आवड असेल, तर शाळेतल्या खेळाच्या शिक्षकांकडे किंवा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जरूर विचारा. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ पुन्हा येणार आहे, तेव्हा टीव्हीवर बघायलाही मिळेल.

गटाच्या बैठकीत बोलण्यासाठी

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर दहा मिनिटे काढा आणि या प्रश्नांवर बोला.

आपल्या गटात कोणते काम फक्त एकीलाच येते? ती दोन महिने आजारी पडली तर ते कोण करील?

ती ज्याला अंदाज म्हणते, त्याचे टप्पे करून सांगता येतील का? लिहिता येणारीने ते वहीत उतरवून घ्यावेत.

तिच्याकडून शिकायला कोण बसेल? नाव ठरवा. तिचे पहिले चार वाकडे पापड गटाने सोसायचे, हेही आधीच ठरवा.

आणि शिकवणाऱ्या बाईच्या वेळेचे पैसे आपण धरतो का? बाहेरून प्रशिक्षक आला तर त्याचा प्रवासखर्च आणि मानधन आपण बिनतक्रार देतो. आपल्याच गावची बाई शिकवते तेव्हा चहावर भागवतो. हे बदलायचे का, ते तुम्हीच ठरवा.

तुमच्या गटाने काय ठरवले ते आम्हाला पत्राने किंवा फोनवर नक्की कळवा. पुढच्या कार्यक्रमात आम्ही ते सगळ्यांना सांगू. तोवर नमस्कार.